अनुभव धागा: सरोवरांकाठचा वारा आणि हिमवादळं

ऑगस्टमध्ये अमेरिकेत बफेलो, रॉचेस्टर, क्लीव्हलंडला शिकायला आलेली मराठी मुलं आता इथला पहिला हिवाळा बघतील. त्यांचे आईवडील विचारतात ते जाकिटाबद्दल, बुटांबद्दल, थर्मल कपडे भारतातून पाठवायचे का याबद्दल. वाऱ्याबद्दल कुणीच विचारत नाही, आणि मला या भागात सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती त्याचीच. म्हणून हा धागा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पंचमहासरोवरांच्या काठी ज्यांनी हिमवादळ पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय झालं, घरात काय होतं, काय कामी आलं.

सुरुवात मी करते. मी ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला राहते. हे सरोवर ३८८ किलोमीटर लांब, पण सरासरी खोली फक्त १९ मीटर, पाचांमध्ये सगळ्यात उथळ. ते नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलंय आणि इथला वादळी वाराही बहुतेक वेळा नैऋत्येचाच. त्यामुळे वारा सगळी लांबी पाण्यावरून धावून येतो आणि समोर बफेलो उभं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी अजून पुरतं थंड झालेलं नसतं. वरून कॅनडाकडची हवा येते. दीड किलोमीटर उंचीवरची हवा पाण्यापेक्षा साधारण १३ अंशांनी गार असली की पाण्यावरची वाफ वर चढते, ढग होतो आणि काठावर येऊन बर्फ ओततो. हाच लेक इफेक्ट. त्याचा पट्टा अरुंद असतो आणि वारा जरा फिरला की पट्टाही सरकतो. म्हणून शहराचा अंदाज बघून भागत नाही, आपल्या गल्लीवरचा हवामानाचा रडार बघावा लागतो.

ऑर्चर्ड पार्क, न्यूयॉर्क

पट्ट्याबद्दल लिहिलंय ते अगदी खरं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या आमच्या भागात पाच ते सात फूट बर्फ पडला. पुढचं दार आत उघडतं म्हणून उघडलं, तर समोर दाराच्या नक्षीचा ठसा उमटलेली पांढरी भिंत. त्याच वेळी उत्तरेला ॲमहर्स्टमध्ये राहणारी मैत्रीण फोनवर सांगत होती की त्यांच्याकडे ऊन आहे. तिला वाटत होतं मी वाढवून सांगतेय. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा तेच, त्या वेळी आमच्या गावात ८० इंच, म्हणजे दोन मीटर. इथल्या फुटबॉल संघाचा घरचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला.

नवीन घर घेतलेल्यांसाठी एक सांगते. फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, धूर बाहेर सोडणारा पाइप बऱ्याच घरांत बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर निघतो. बर्फ त्याच्यावर चढला की एकतर फर्नेस बंद पडते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आमच्याकडे रात्री आळीपाळीने उठून तो पाइप मोकळा केला जातो. तुमचा पाइप कुठे आहे ते आजच बघून ठेवा, आणि या वायूची सूचना देणाऱ्या डिटेक्टरची बॅटरीही.

बफेलो, तेव्हा विद्यार्थी

माझा अनुभव डिसेंबर २०२२ चा. तेवीस तारखेला सकाळी पाऊस होता. इशारे आधीपासून येत होते, पण सुट्टी सुरू व्हायची होती आणि लोकांची कामं चालू होती. साडेनऊच्या सुमारास काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, गाड्या चालवायला बंदी केली तोवर बरेच जण कामावर पोहोचलेले. पावसाचा बर्फ झाला आणि मग खिडकीतून समोरचं घर दिसेनासं झालं. रस्ता, झाड, विजेचा खांब, काही नाही. वाऱ्याचा आवाज थांबतच नव्हता. जुनं लाकडी घर, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि जोराचा झोत आला की पलंग हलल्याचं कळायचं.

रात्री वीज गेली. आमची फर्नेस गॅसची होती, पण तिचा पंखा विजेवर, त्यामुळे तीही थांबली. आमच्यातला एक कोल्हापूरचा मुलगा पटकन म्हणाला, सगळे एका खोलीत. आम्ही सगळ्यात लहान खोली निवडली, गाद्या ओढून आणल्या, खिडकीला दोन रजया ठोकल्या आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबले. तरीही श्वासाची वाफ दिसत होती. गॅसची शेगडी चालत होती. पण कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने ती उबेसाठी पेटवून ठेवायची नाही यावर तो अडून बसला. स्वयंपाकापुरतीच पेटवायची, तीही खिडकीची फट उघडी ठेवून. तेव्हा मला ते टोकाचं वाटलं होतं, आज त्याचे मनापासून आभार मानतो. भाजणी होती, थालीपिठं लावली. घरून आलेले मेतकूट आणि लाडू होते. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांना वर आणलं. त्या १९७७ च्या वादळातल्या गोष्टी सांगत होत्या आणि आम्ही त्यांना गरम भात वाढत होतो.

आमच्या घरात राहणारा चौथा मुलगा किराणा दुकानात कामाला गेला होता. त्याला फोनवर म्हटलं, तिथेच थांब. घर चालत वीस मिनिटांवर, त्यामुळे त्याचा पाय निघत होता. दुकानातल्या वयस्क सहकाऱ्यांनी त्याला दारातून परत आत घेतलं. ते सगळे तिथेच झोपले. नंतर कळलं की या वादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत, काही रस्त्यावर आपल्याच घराजवळ, काही गारठलेल्या घरात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही रुतल्या होत्या, मदतीला फोन लागला तरी कुणी पोहोचू शकत नव्हतं. विमानतळावर एकूण ५१.९ इंच बर्फ मोजला गेला. पण मारलं ते वाऱ्याने, आणि दोन पावलांपलीकडचं न दिसण्याने. वीस मिनिटांचं अंतर अशा वेळी अंतर राहत नाही. हे मला नव्या मुलांना हात जोडून सांगायचंय.

फोनचं एक: दिवसातून ठरलेल्या दोन वेळी घरी एकच मेसेज आणि मग बॅटरी टिकवायला फोन बंद. आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे मधल्या वेळेत ती घाबरणार नाही.

टोलिडो, ओहायो

त्याच दिवशी आमच्याकडे उलटं चाललं होतं. परात एका बाजूने उचलली की पाणी दुसऱ्या काठाला जमतं, तसं त्या वाऱ्याने सगळं पाणी बफेलोकडे ढकललं आणि आमच्या पश्चिम टोकाचा तळ उघडा पडला. एरवी होड्या असतात तिथे चिखल आणि दगड. वारा पडला की हे पाणी झोके घेत परत येतं, याला इकडे सेश म्हणतात. उघडा तळ बघायला खाली उतरणारे लोक मी पाहिलेत. कृपया उतरू नका.

लॅकावॅना (बफेलोला लागून), आता निवृत्त

वरच्या मुलाने १९७७ चा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी तेव्हा पोलाद कारखान्यात नोकरीला होतो, लग्न होऊन पत्नी नुकतीच सांगलीहून आली होती. लोकांना वाटतं तेव्हा आभाळातून खूप बर्फ पडला. तसं नव्हतं. ईरी सरोवर त्या हिवाळ्यात डिसेंबरच्या मध्यालाच गोठलं होतं, म्हणजे लेक इफेक्ट जवळजवळ बंद. पण त्या गोठलेल्या पाण्यावर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला होता. २८ जानेवारीला वारा सुटला, झोत ताशी ११० किलोमीटरच्या घरात, आणि त्याने तो सगळा साठा उचलून शहरावर आणून टाकला. नवा बर्फ फूटभरच असेल. पश्चिम न्यूयॉर्कमध्ये वीसहून अधिक माणसं गेली.

आम्ही पाळीवरचे सगळे कारखान्यातच अडकलो. घरी पत्नी एकटी, तिला इंग्रजी जेमतेम. शेजारच्या पोलिश कुटुंबातल्या बाईंनी खिडकीतून हाका मारून तिला आपल्या घरी नेलं, खाऊ घातलं, आपल्या मुलींबरोबर झोपवलं. ते शेजारी आमचे आयुष्यभराचे नातलग झाले. म्हणून नव्या घरात गेलात की पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या.

शिकागो

आमच्याकडे सरोवर पूर्वेला, त्यामुळे आमचा वाईट वारा ईशान्येचा. १ फेब्रुवारी २०११ ला संध्याकाळी मी ऑफिसमधून लेक शोअर ड्राइव्हने बसने निघाले. मिशिगन सरोवराच्या लाटा रस्त्याच्या कडेला आदळत होत्या, पुढे अपघात झाला, रांग थांबली आणि शेकडो गाड्या तिथेच बर्फात गाडल्या गेल्या. आमच्या बसला हीटर होता. आसपासच्या मोटारींतली माणसं वाट काढत बसमध्ये आली, ड्रायव्हरने प्रत्येकाला घेतलं. अग्निशमनवाल्यांनी आम्हाला ओळीने धरून बाहेर काढलं तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्या वादळात एकूण २१.२ इंच बर्फ पडला.

सातारा

माझी मुलगी रॉचेस्टरला आहे. गाडीत अडकली तर इंजिन चालू ठेवायचं की बंद? तिच्याबरोबर गाडीत काय ठेवायला सांगू?

सिरॅक्यूज, रुग्णालयात परिचारिका

काकू, इंजिन सतत चालू नको. तासातून दहा मिनिटं पुरे, आणि प्रत्येक वेळी आधी उतरून मागचा एक्झॉस्ट पाइप बर्फातून मोकळा करायचा, एका हाताने गाडी धरूनच. ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली. गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडीत घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग, छोटं फावडं, टॉर्च, पाणी, चिक्की, जादा मोजे आणि अँटेनाला बांधायला एक लाल कापड. नोव्हेंबरपासून टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि तिला म्हणावं, बंदी जाहीर व्हायची वाट बघू नकोस. रडारवर पट्टा आपल्या वाटेवर दिसला तर त्या दिवशी निघायचंच नाही, परीक्षा असली तरी.

धागाकर्ती

काकू, रॉचेस्टरला आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. मला निरोप पाठवा, मुलीची गाठ घालून देते. ह्यूरॉन सरोवर आणि त्याचाच भाग असलेल्या जॉर्जियन बेकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. २०१० च्या डिसेंबरात ऑन्टारियोतल्या हायवे ४०२ वर शेकडो माणसं गाड्यांत अडकली होती आणि लष्कराची हेलिकॉप्टरं आली होती. तिथल्या सार्निया, लंडन (कॅनडातलं), बॅरीकडे तेव्हा कुणी असेल तर जरूर लिहा. तिकडे या सत्रात बरीच मुलं गेलीत.