मदत हवी आहे: लॅपटॉपसाठी एसएसडी कोणती घेऊ?

मंडळी, माझा लॅपटॉप आता अगदी रडतखडत चालतोय, चालू केला की चहा करून पिऊन झाला तरी गोल फिरतंच असतं, आणि परवापासून हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाजही यायला लागलाय, म्हणून बॅकअप घेऊन ठेवलाय आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) टाकायचं ठरवलंय.

मागचं कव्हर उघडून बघितलं तर अडीच इंची डिस्कच्या शेजारी एक एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची जागा) रिकामा दिसला. पण तो साटावाला (जुनी, हळू जोडणी) आहे की एनव्हीएमईवाला (नवी, वेगवान जोडणी) हे नुसतं बघून कसं ओळखायचं? खाच दोन्हीकडे सारखीच असू शकते म्हणे. साटा असेल तर सेकंदाला ५५०-६०० एमबीच्या वर स्पीड जाणारच नाही, मग उगाच महागडी घेऊन काय उपयोग.

स्पीडपेक्षा मला टिकाऊपणाचं जास्त पडलंय. आधी एकदा स्वस्तातली कुठलीतरी घेतली होती, आठ महिन्यांत बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसेनाशी झाली, सगळे फोटो गेले 😔 त्यामुळे यावेळी क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट, लवकर झिजते) नको, टीएलसीच (तीन बिट, जास्त टिकते) बघतोय. सॅमसंग ८७० इव्हो १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट डेटा लिहिता येईल त्याचा आकडा) आणि ५ वर्षं वॉरंटी आहे, क्रूशियल एमएक्स५०० ला ३६०. माझं काम ऑफिसच्या फायली, ब्राउझर आणि थोडंफार फोटो एडिटिंग, मग ३६० पण चिक्कार झाले ना? की डीरॅम कॅश (एसएसडीतली छोटी वेगवान मेमरी), कंट्रोलर (तिचं काम सांभाळणारी चिप) हे जास्त बघायचं?

कुणी ३-४ वर्षं वापरलेली असेल तर हेल्थ (उरलेलं आयुष्य) किती टक्के दाखवते तेवढं सांगा प्लीज.