शब्दचर्चा : कडबू म्हणजे करंजीच का? सोबत कोडबळे, कडाकणी आणि आकाशबुट्टी

प्रश्न : बेळगाव, अनगोळ

दसरा-दिवाळीच्या पदार्थांची यादी आपल्या भागाबाहेरच्या लोकांना कळेल अशी लिहायची आहे. शंका अशा : ‘कडबू’पुढे करंजी असं लिहिलं तर चालेल का? कडबोळे आणि कोडबळे एकच का? नवरात्रातल्या कडाकणीला दुसरा शब्द आहे का? आणि ‘आकाशबुट्टी’ हा शब्द मराठीत खपेल का? नुसता अर्थ नको. शब्दावरून पदार्थ करता आला पाहिजे, म्हणून प्रमाणही द्यावं.

निपाणी

कडबूपुढे करंजी लिहू नका. यादी वाचून कुणी दिवाळीच्या आठ दिवस आधी कडबू करून डब्यात भरले तर तिसऱ्या दिवशी बुरशी बघावी लागेल.

दोन्हींचा आकार अर्धचंद्राचा, दोन्ही तळायचे, दोन्हींना मुरड. गोंधळ तिथूनच होतो. पण आपल्याकडे कडबू म्हटलं की आत पुरण, म्हणजे शिजवलेल्या डाळीचं ओलं सारण. करंजीत सुकं खोबरं, खसखस आणि पिठीसाखर, सगळं कोरडं. पारीही वेगळी. कडबूला कणीक, करंजीला रवा-मैदा. म्हणून कडबू दसऱ्याला किंवा पाडव्याला सकाळी करायचा आणि दुपारी तुपाबरोबर संपवायचा. करंजी डब्यात पंधरा दिवस राहते. यादीत ‘कडबू : पुरण भरून तळलेला, त्याच दिवशी खायचा’ एवढं लिहा.

पुरणाचे तळलेले कडबू, साधारण १६ ते १८ :

हरभरा डाळ १ वाटी, चिरलेला गूळ पाऊण ते १ वाटी, वेलची-जायफळ, चिमूटभर सुंठ. पारीसाठी कणीक २ वाट्या, बारीक रवा पाव वाटी, कडकडीत तेलाचं मोहन २ मोठे चमचे, मीठ.

डाळ बोटाने चिरडेल इतकी शिजवून चाळणीत उपसून ठेवा. खाली पडलेलं पाणी म्हणजे कट, ते आमटीला. डाळ दहा मिनिटं तरी निथळली पाहिजे. मग गूळ घालून आटवायची. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. गरम असतानाच वाटून घ्या, गार झाल्यावर ते पुरणयंत्रातून उतरत नाही. कणीक पुरीपेक्षा किंचित सैल मळून अर्धा तास झाका. पुरी चार इंचांची, पुरण दीड चमचा. कडेला पाण्याचं बोट, घडी घालताना आतली हवा बोटांनी बाहेर काढायची, मग मुरड. मध्यम आचेवर तळायचे.

कढईत कडबू फुटतो त्याची कारणं दोनच. पुरण ओलं राहिलं तर आत वाफ धरते आणि शिवण उघडते. नाहीतर घडीत हवा राहिली. एक जरी फुटला तरी गूळ तेलात उतरून जळतो आणि पुढच्या सगळ्या घाण्यावर काळे ठिपके येतात. अशा वेळी तळण थांबवून तेल गाळून घ्यावं, तसंच रेटू नये.

चिकोडी

वरच्यात एक भर. शेजारच्या कन्नड घरात हाच ‘हूरणद कडबु’. हूरण म्हणजे आपलं पुरणच, शब्दाच्या सुरुवातीचा प कन्नडमध्ये ह झालेला. पण कर्नाटकात सगळीकडे कडबूचा अर्थ हाच घेऊ नका. किनारपट्टीला आणि मलनाडात ‘कडुबु’ म्हणजे वाफवलेला तांदळाचा पदार्थ, इडलीच्या जवळचा, तोही बहुधा बिनगोडाचा. यादी मंगळूरच्या माणसाच्या हाती पडली तर तो उकडपात्र काढेल.

आपल्याकडेही उकडलेले कडबू असतात. पारी-पुरण वरचंच, फक्त मोहन अर्धं करायचं आणि चाळणीला तेलाचा हात लावून १२ ते १५ मिनिटं वाफवायचे. झाकणाखाली फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पडून पारी चिकट होते. म्हणून यादीत ‘तळलेला’ हा शब्द गाळू नका.

बेळगाव, शहापूर

व्याकरणाचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण लिहिताना अडणार. तो कडबू, ते कडबू. विभक्ती लावताना काय? लाडू-लाडवाला, विंचू-विंचवाला, त्या चालीने ‘कडबवाला’ व्हायला हवं. तसं कुणी बोलत नाही. बोलण्यात ‘कडबूला’ असंच राहतं, खडूला तसं. ‘कडब्याला’ मात्र कटाक्षाने टाळा. ‘कडब्यावर तूप घाल’ म्हटलं तर ऐकणारा गोठ्यात जाऊन ज्वारीच्या पेंढ्या सोडेल.

आणि कानवला हा तिसरा भिडू राहिलाच. शब्दकोशात तो करंजीचा शेजारी असला तरी बऱ्याच घरांत कानवले म्हणजे नागपंचमीचे उकडलेले, कारण त्या दिवशी चिरणं-तळणं वर्ज्य. दिवाळीच्या यादीत तो शब्द न घेतलेला बरा.

खानापूर

करंजीचं प्रमाण कुणी दिलं नाही म्हणून थोडक्यात. बारीक रवा १ वाटी, मैदा १ वाटी, कडकडीत तुपाचं मोहन ४ मोठे चमचे, दुधात घट्ट भिजवून २ तास, मग कुटून मऊ. सारण : किसून भाजलेलं सुकं खोबरं २ वाट्या, भाजलेली खसखस २ चमचे, पिठीसाखर सव्वा वाटी, वेलची. खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालू नका. गरम खोबऱ्यात साखर पाणी सोडते, सारणाचे गोळे होतात आणि टिकाऊपणा गेला. सारण कमी भरलं तर करंजीचा खुळखुळा होतो, गच्च भरलं तर मुरड सुटते. आच मंद. बस्स.

गोकाक

कडबोळे आणि कोडबळे यांवर सांगतो. नावं कानाला जुळी, हातात घेतली तर घाटही जवळजवळ तोच, पीठ मात्र अगदी वेगळं.

कोडबळे हा कन्नड शब्द सरळ फोडता येतो. कोडु म्हणजे शिंग, बळे म्हणजे बांगडी. शिंगासारखी निमुळती वळी वळवून टोकं जोडलेलं कंकण. मराठीत आला तेव्हा शेवटच्या ‘ळे’मुळे तो आपोआप नपुंसकलिंगी झाला : ते कोडबळे, ती कोडबळी. कन्नड बोलणाऱ्याला हे अनेकवचन ऐकून हसू येतं, पण मराठी वाक्यात तेच बरोबर.

कडबोळे भाजणीचं. तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरे २ चमचे, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. म्हणजे चकलीचीच भाजणी चालते, सोऱ्याऐवजी हाताने वळायची इतकंच. कोडबळ्याला भाजणी लागत नाही. त्याचं प्रमाण असं :

तांदळाचं बारीक पीठ २ वाट्या, पुठाणीचं पीठ अर्धी वाटी, बारीक रवा पाव वाटी, सुकं खोबरं पाव वाटी, ६-७ सुक्या लाल मिरच्या, जिरे १ चमचा, हिंग, मीठ, गरम तेल ३ मोठे चमचे. खोबरं, मिरची आणि जिरे अगदी थोड्या पाण्यात गंधासारखे वाटायचे. जाडसर राहिलं तर वळताना तिथेच तडा जातो. पिठात तेल चोळून घ्या. मूठ वळली की टिकली पाहिजे आणि बोटाने ढकलली की मोडली पाहिजे, एवढं मोहन. मग वाटण आणि लागेल तसं पाणी. सगळं पीठ एकदम भिजवू नका. दोन घाण्यांपुरतंच मळा, कारण तांदळाचं पीठ पडून राहिलं की कोरडं पडतं आणि मग वळी तुटते.

वळी करंगळीपेक्षा बारीक हवी. जाड केली आणि आच मोठी ठेवली तर बाहेरून लाल, आतून पिठूळ, दुसऱ्या दिवशी मऊ. कढईत टाकल्यावर बुडबुडे खूप येतात. ते जवळजवळ थांबले की आतलं पाणी गेलं, तेव्हा काढा. रंगावर जाऊ नका, मिरचीमुळे तो आधीच लाल असतो.

प्रश्न : बेळगाव, अनगोळ

पुठाणी म्हणजे फुटाणेच ना? बाहेरच्यांसाठी काय लिहू?

गोकाक

फुटाण्याची सालं काढून झालेली डाळ. कोल्हापूर-पुण्याकडे ‘डाळं’ किंवा ‘पंढरपुरी डाळं’ म्हणतात. चिवड्यात घालतात तेच. ‘हरभरा डाळ’ लिहू नका. कच्च्या डाळीचं पीठ घातलं तर कोडबळे दगड होईल. डाळं आधीच भाजलेलं असतं म्हणून ते खुसखुशीत राहतं.

निपाणी

तसाच घोळ ‘शेंगा’चा. आपल्याकडे शेंगा म्हटलं की भुईमुगाच्या, शेंगा होळगी म्हणजे दाण्यांच्या कुटाची पोळी. बाहेरचा माणूस शेवग्याच्या शेंगा आणून बसेल. ‘गुरेळ’ऐवजी कारळे आणि ‘अगशी’ऐवजी जवस लिहा. कट मात्र तसाच ठेवा, तो मराठीला आणि कन्नडला दोघांनाही कळतो, तिकडे ‘कट्टु’ म्हणतात.

खानापूर

कडाकणी. कडकडीत तळलेली म्हणून कडाकणी, असं घरोघरी सांगतात. पर्यायी शब्द शोधू नका, कारण गोड पुरी म्हटलं की फुगलेली डोळ्यांपुढे येते आणि कडाकणी फुगली तर चुकली. नवरात्रात घटावर फुलोरा बांधतात त्यात ती दोऱ्याने टांगतात, सोबत पिठाच्याच वेणी, फणी, करंडा. फुलोऱ्याचं ओझं माळेला पेलावं म्हणून ती पातळ आणि हलकी हवी.

रवा १ वाटी, मैदा १ वाटी, गूळ पाऊण वाटी, मोहन २ चमचे, तीळ, मीठ चिमूटभर. गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात खडे असतात. घट्ट भिजवून तासभर ठेवा. रवा पाणी पितो म्हणून तासाने एकदा मळून बघायचं. लाटी पापडासारखी पातळ लाटा, सुरीच्या टोकाने सगळीकडे टोचा. टांगायची असेल तर दोऱ्याचं भोक कच्चेपणीच पाडा. तळल्यावर पाडायला गेलं की दोन तुकडे. भोक कडेपासून बोटभर आत आणि जवापेक्षा मोठं हवं, तळताना ते आक्रसतं.

मंद आच, सतत लक्ष. गुळामुळे रंग फार पटकन चढतो. कढईतून काढताना ती थोडी मऊच असते, गार झाली की कडक होते. गार होऊनही मऊ राहिली तर गूळ जास्त झाला किंवा जाड लाटली. वेणीसाठी त्याच पिठाच्या तीन वळ्या गुंफा, पण टोकांना पाण्याचं बोट लावून दाबा, नाहीतर तेलात उलगडते.

चिकोडी

आता आकाशबुट्टी. कन्नडमध्ये आकाशकंदिलाला हाच शब्द आहे. बुट्टी मराठीतही आहेच, भाकरीची बुट्टी म्हणतोच की आपण. तेव्हा खपेल, पण अर्थ लिहिताना ‘आकाशकंदील’ द्या. बुट्टी म्हणण्यात अर्थही आहे, कारण पारंपरिक सांगाडा कामट्यांचाच असतो, टोपलीसारखा.

करायचा तर साधा हिशेब. ३० सेंटिमीटरच्या २४ कामट्या, सगळ्या एका लांबीच्या. चार-चार बांधून ६ चौकोन करा. त्यातले ४ टोकावर उभे करून शेजारशेजारचे कोपरे जोडा, म्हणजे गोल कडं होतं. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन, खालच्या चार टोकांना सहावा. मधल्या जागेत ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. उंची सुमारे ४२ सेंटिमीटर भरते.

इथे बहुतेकांचा कंदील पिळवटतो. चौकोनाला कर्ण नसला की तो डुलतो आणि वरचा भाग खालच्यावर फिरतो. गाठी घट्ट मारून हे थांबत नाही. वरच्या चौकोनात ४२ सेंटिमीटरच्या दोन कामट्या फुलीसारख्या बांधा, होल्डर तिथेच लटकवायचा. खालच्या चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणा. बाकीचं काम कागद करतो.

कागद पतंगाचा : ४ चौकोन आणि ८ त्रिकोण, प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर जास्त. वर-खाली उघडं ठेवा, उष्णता जायला. खळ मैद्याची, २ चमचे मैदा एक वाटी पाण्यात शिजवून. झुरळं-किडे लागू नयेत म्हणून पूर्वी मोरचूद टाकत. ते विषारी आहे, मुलं हाताने चिकटवत असतील तर टाकू नका, त्यापेक्षा खळ रोज नवी करा. कागद सैल बसला तर वाळल्यावर लांबून पाण्याचा हलका फवारा मारा. पुन्हा वाळताना तो ताठ होतो आणि सांगाडाही घट्ट होतो. पण आधी एका तुकड्यावर बघा, स्वस्त कागदाचा रंग सुटतो. आत ७ वॅटचा एलईडी पुरे.

बेळगाव, शहापूर

खाली लावायच्या पट्ट्यांना झिरमिळ्या लिहा, ‘शेपट्या’ पतंगाच्या. आणि पाडव्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पाडव्याला दारात शेणाचे पांडव मांडतात म्हणून तो ‘पाडवा’, असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. पाडवा हा प्रतिपदेवरून आला, कन्नडमधला ‘पाड्य’ही तिथूनच. नावं जुळली आणि पांडव त्यात येऊन बसले.

यादीत पांडव घेणार असाल तर कृती एका ओळीची आहे. ताजं शेण फार ओलं असतं, ते परातीत पसरून तासभर वारा लागू द्या, मूठभर राख मिसळा. नाहीतर सुकताना पांडवांची मान खाली येते. वर झेंडूची पाकळी आणि आघाड्याचा तुरा शेण ओलं असतानाच खोचायचा.

प्रश्न : बेळगाव, अनगोळ

सगळं उतरवून घेतलं. कडबूपुढे ‘तळलेला, पुरणाचा, त्याच दिवशी’ असं लिहितोय. एकच राहिलं : उरलेल्या पुरणाचं काय करावं?

निपाणी

फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. पुन्हा वापरताना कढईत एक चमचा तूप घालून परता, थंडीने सुटलेलं पाणी आटलं पाहिजे. त्याचे कडबू मात्र करू नका, फुटतील. पोळ्या करा.