मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेत सांधा (पॉइंट) बदलला की कंट्रोलर ट्रिप होतो

बफरस्टॉप: ४ फूट बाय १ फूट प्लायवर ब्रँच लाइनचं टर्मिनस केलंय. एक प्लॅटफॉर्म, शेजारी रनअराउंड लूप (इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचा बाजूचा रूळ), एक गुड्स सायडिंग. इंजिन सोडवून पुढे नेलं आणि सांधा बदलला की कंट्रोलर ट्रिप. वायरिंग तीनदा तपासलंय, बरोबर आहे. रविवारी चालू करायचंय, कृपया लवकर सांगा.

सोल्डर: गेज (रुळांमधलं अंतर)? साधा डीसी की डिजिटल, म्हणजे डीसीसी? पॉइंटचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचा (इलेक्ट्रोफ्रॉग) की प्लास्टिकचा (इन्सुलफ्रॉग)? फीड (रुळाला वीज देणाऱ्या वायर) कुठे जोडलाय?

खडी: बॅलास्ट (रुळांमधली खडी) टाकला नसेल तर आधी ट्रिपचं निस्तरा. नंतर फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या सरकणाऱ्या पात्यांजवळ एक बोट जागा कोरडी ठेवा, नाहीतर पाती चिकटतात.

बफरस्टॉप: बॅलास्टचं विचारलं नाहीये. ९ मिमी, एचओई (१:८७ प्रमाणातली नॅरोगेज), साधा १२ व्होल्ट डीसी. पेकोचे पॉइंट, फ्रॉग धातूचा. लूपचा एकच पॉइंट बदलला की ट्रिप, दोन्ही बदलले की चालतं. फीड प्लॅटफॉर्मच्या मधोमध.

डिजिटल: डीसीसी घ्या, ही सगळी कटकट संपते.

सोल्डर: नाही संपत. शॉर्ट तो शॉर्टच, डीसीसीत बूस्टर (रुळाला वीज देणारा डबा) बंद पडेल एवढाच फरक.
@बफरस्टॉप, 'दोन्ही बदलले की चालतं' हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पातं ज्या रुळाला टेकतं त्याची ध्रुवता फ्रॉगला मिळते. एक पॉइंट प्लॅटफॉर्मकडे आणि दुसरा लूपकडे असला की एक फ्रॉग प्लस, दुसरा मायनस, आणि मधले रूळ दोघांना थेट जोडतात. दोन्ही पॉइंट एकाच रस्त्याला लावले की ध्रुवता जुळते.
प्रत्येक फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (वीज तोडणारे जोड) लावा. दोन पॉइंट, चार जॉइनर. फीड पात्यांच्या टोकाकडून, लूपच्या दोन्ही बाजूंनी द्या. मधले दोन आतले रूळ आता मेलेले असतील: प्लॅटफॉर्मच्या आतल्या रुळाला लूपच्या बाहेरच्या रुळाची वायर, लूपच्या आतल्याला प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्याची. सायडिंग पुढे बंद आहे. तिथे वेगळा फीड नसेल तर जॉइनर नको.

नॅरो७६२: स्टेशन कुठलं धरलंय? माथेरान असेल तर ९ मिमी रुंद पडतं. तिथला गेज ६१० मिमी, भागिले ८७ म्हणजे ७ मिमी, ६.५ चा ट्रॅक जवळचा.

बफरस्टॉप: जामनेर.

नॅरो७६२: मग उत्तम. पाचोरा-जामनेर नॅरोगेज लाइन ७६२ मिमीची होती, १:८७ ला ८.७६. ९ मिमीत डोळ्याला फरक कळत नाही. माथेरानची ०-६-० चाकरचनेची टँक इंजिनं मात्र यावर शोभणार नाहीत.

डिजिटल: दोन इंजिनं एकाच वेळी चालवायची तर डीसीसीच.

सोल्डर: एकच इंजिन आहे त्यांचं. दुसरं आलं तर हेडशंटचा (लूपच्या पुढे इंजिन थांबतं तो शेवटचा तुकडा) एक रूळ तोडून साधा टॉगल स्विच लावा, इंजिन तिथे उभं राहतं.

बफरस्टॉप: सांगितलं तसं सगळं केलं. अजूनही ट्रिप!

सोल्डर: चार जॉइनर लावले का?

बफरस्टॉप: दोनच मिळाले, ते प्लॅटफॉर्मच्या रुळाला लावले. लूपचा रूळ कटिंग डिस्कने तोडला.

सोल्डर: ती फट तपासा. सगळे फीड सोडवा, मल्टीमीटर बीपवर ठेवा, टोकं फटीच्या दोन बाजूंना. बीप आला तर फट मिटलीय. दुपारी रूळ तापून लांबतो आणि केसाएवढी फट बंद होते. फटीत ०.५ मिमी प्लास्टिकची चकती सुपरग्लूने बसवा, सुकल्यावर रुळाच्या आकारात घासा. वरची कड राहिली तर चाक उडी मारतं.

बफरस्टॉप: बीप होता. चकती बसवली, ट्रिप थांबला. आता इंजिन फ्रॉगवर अडतं, ढकललं की जातं.

खडी: पात्याचं टोक आणि ते टेकतं तो रूळ, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काळं निघेल.

सोल्डर: पुसून आठवडा चालेल, पण पावसाळ्यात पुन्हा तेच. पॉइंटच्या दांडीला मायक्रोस्विच जोडा. सामाईक (COM) पिन फ्रॉगला, बाकीच्या दोन प्लस-मायनसला. पात्याआधी स्विच उलटला तर क्षणभर शॉर्ट होतो, म्हणून स्विच हलवून बसवा: पातं अर्ध्यावर, दोन्ही रुळांपासून सुटं असताना टिक वाजली पाहिजे.

नॅरो७६२: हेडशंट किती सेंमी ठेवलंय?

बफरस्टॉप: १०. इंजिन ९ चं आहे.

नॅरो७६२: रुळाच्या शेवटच्या अडसरापासून फाउलिंग पॉइंटपर्यंत (जिथपुढे उभं इंजिन शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतं) मोजलंत की पात्याच्या टोकापर्यंत?