शुक्रवार जवळचा की रविवार? क्रूस आणि पुनरुत्थान : तुमचे अनुभव

नमस्कार मंडळी. आमच्या वसईकडे शुभ शुक्रवारी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या गुड फ्रायडेला, दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर मंडप, खुर्च्या, ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या. ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी मात्र मागचे बाक मोकळे. (अर्धे लोक शनिवारी रात्रीच्या जागरणाला येऊन गेलेले असतात हे मान्य, तरीही.) ईस्टर नाताळपेक्षा मोठा, हे आपण सगळेच धर्मशिक्षणात शिकलो. संत पौलाने तर करिंथकरांना सरळ सुनावलंय की ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास फुकट. मग आपला जीव शुक्रवारातच का अडकतो?

ईस्टरची तारीख कशी ठरते वगैरे इथे नको. तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सोडून गेलेले, लग्न करून आलेले, सगळे या. 'कोणाचा पंथ खरा' हा वाद मात्र दुसरीकडे घाला.

गासचा म्हातारा

आमच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये आणि फादरांची पाठ आमच्याकडे. येशूच्या दुःखसहनाचं वाचन चालू असताना आम्ही पोरं पंखे मोजायचो. उपासना लोकांच्या भाषेत चालेल असं कॅथलिक चर्चने जिथे ठरवलं ती व्हॅटिकनची दुसरी परिषद 1965 साली संपली, त्याच्या आगेमागे मराठी आली. शुक्रवारचं ते लांबलचक वाचन पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा आय शेजारी होती. पेत्र 'मी येशूचा शिष्य नाही' म्हणतो तिथे ती मोठ्याने म्हणाली, "मेल्या!" आजूबाजूचे हसले. तिला त्याचं काही नव्हतं. गोष्ट तिला पाठ होती, पण इतक्या वर्षांत कोणी तिच्यासमोर तिच्या भाषेत ती घडवली नव्हती.

दुसरं, आम्हा वसईकरांना क्रूस परदेशी वाटायचं कारण नाही. आमचा गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर गेला, एकूण 26 जण होते. आधी व्यापारी होता, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. 1862 साली संत म्हणून जाहीर केलं. आजी त्याच्याबद्दल बोलायची ती शेजारच्या वाडीतल्या मुलाबद्दल बोलावं तशी.

माझं मत : शुक्रवार.

नगरी

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी (म्हणजे शुभ शुक्रवारीच) बारा ते तीन उपासना. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा वक्ता, मध्ये गीत. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं, तेव्हापासूनच्या घराण्यांत कोणाला कोणता उद्गार मिळाला यावर रुसवेफुगवेही होतात, खोटं कशाला बोला.

माझ्या वडिलांना चौथा हवा असायचा. 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' हा. शिक्षक होते, बोलणं मोजकं. एका वर्षी, माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतरच्या शुक्रवारी, ते उभे राहिले, वचन वाचलं आणि म्हणाले, "यावर मला काही सांगायचं नाही. येशूलाही उत्तर मिळालं नव्हतं." आणि खाली बसले. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केलं. नंतर काही मंडळींनी नाराजी दाखवली, हे काय प्रवचन झालं म्हणून. माझ्यासाठी विश्वासाचं याहून खरं वाक्य त्या चर्चमध्ये कोणी बोललेलं नाही.

ईस्टरला आम्ही पहाटे कबरस्तानात जमतो. अंधारात बॅटऱ्या, कबरींवर झेंडू, पेटी थंडीने जरा बेसूर. 'तो उठला आहे' हे तिथे भावाच्या नावाच्या दगडाशेजारी उभं राहून म्हणायचं असतं. बाकावर बसून म्हणणं सोपं आहे.

जालन्याहून

वरच्या दोघांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा समाज पणजोबांच्या काळात ख्रिस्ती झाला. गावकुसाबाहेर राहणारी माणसं. माझ्या वाचनात क्रूस ही रोमन सरकारची शिक्षा, मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठीची. रोमन नागरिकाला सहसा ती होत नसे. आणि बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात लिहिलंय, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. वेशीबाहेर! हे कोणी आम्हाला समजावून सांगायला लागत नाही.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. चर्चमध्येही सगळे एका बाकावर बसतात असं समजू नका. म्हणून 'येशू आपल्या पापांसाठी मेला' एवढ्यावर प्रवचन संपलं की मला अर्धवट वाटतं. त्याला मारलं कोणी, तेही बोला. माझ्यासाठी ईस्टर म्हणजे वरच्या कोर्टाने खालचा निकाल फिरवला. त्यामुळे मी रविवारवाला.

सूनबाई_पुणे

मी लग्न होऊन आले, बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन असंही नाही. पण शनिवारची रात्र मी चुकवत नाही. चर्चमधले दिवे बंद. बाहेर अंगणात होळीएवढी नव्हे, छोटी शेकोटी. फादर जाडजूड मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. मग धूपाचे पाच दाणे मेणात टोचतात, येशूच्या पाच जखमांचे. दरवर्षी एखादा दाणा नीट बसत नाही आणि शेजारचा सेवक मुलगा घाबरून फादरांकडे बघतो. त्या मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. सासूबाई कागदाचा पुठ्ठा घरून आणतात, मेण हातावर सांडू नये म्हणून, आणि एक माझ्यासाठी जास्तीचा.

शुक्रवार-रविवार तुमचं चालू द्या. मला शनिवार.

रात्रपाळी

मी नर्स आहे, केरळची नाही, संगमनेरची. (सगळे विचारतात म्हणून आधीच सांगते.) एका शुभ शुक्रवारी अतिदक्षता विभागात ड्युटी. अपघातातला तरुण मुलगा, आई बीडकडची. तिला स्टूल दिलं, बसली नाही. चहा दिला, उभ्यानेच. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया क्रुसाजवळ उभी होती, एवढंच एक वाक्य आहे. रडली, कोसळली असं काही लिहिलेलं नाही. मुलगा पहाटे गेला. रविवारी मी चर्चला गेले, आलेलुया गाता आलं नाही. अजूनही पहिल्या कडव्याला मी गप्प असते.

गासचा म्हातारा

रात्रपाळी, गाऊ नकोस, काही बिघडत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होतेच, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. जालनेकर, तुमचं बोलणं आमच्या फादरांना वाचून दाखवतो. चिडतील थोडे, चिडू देत.

नगरी

सूनबाई, आमच्यात ती मेणबत्ती नाही. यंदा शनिवारी पुण्यात आहे, कुठलं चर्च ते कळवा.

कुवेतकर

मूळचा आगाशीचा. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे शुभ शुक्रवार अगदी निवांत मिळतो आणि ईस्टर संडेला सकाळी हजेरी लावून कामावर. आमचं पुनरुत्थान शनिवारी रात्रीच उरकावं लागतं. मल्याळी, फिलिपिनो, तमिळ, गोयंकार, सगळ्यांच्या वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा, आवाराबाहेर गाड्यांची रांग. आईने व्हिडिओ कॉलवर मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या दाखवल्या आणि विचारलं, "तू काय खाल्लंस?" कॅन्टीनची खिचडी म्हटलं तर लेंटचा उपवास संपला नाही का रे तुझा, म्हणाली.

मत द्यायचं तर रविवार. पण सुट्टी शुक्रवारची राहू दे.