'इन द ब्लॅक' म्हणजे नक्की काय?

सकाळची ७:५२: मी परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, शिक्षण सगळं मराठीतून. सोमवारी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, 'वी आर बॅक इन द ब्लॅक.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात काळा पैसा आला आणि पोटात गोळा उठला. व्हाउचर तर मीच भरते! कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. कुणी नीट सांगेल का?

फोर्टातला मुनीम: ताई, घाबरू नका, काळ्या पैशाशी याचा काही संबंध नाही. पूर्वी हिशेबाच्या वहीत शिल्लक काळ्या शाईने लिहायचे, तूट लाल शाईने. म्हणून 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात, 'इन द रेड' म्हणजे तोट्यात. मी तीस वर्षं वह्या लिहिल्या. लाल शाईची दौत वेगळी ठेवायचो, आणि तिच्यात टाक बुडवताना हात आपोआप जड व्हायचा. 'बॉटम लाइन'ही तिथलीच: नफातोटा पत्रकाची शेवटची ओळ, निव्वळ नफा.

दलाल स्ट्रीटवाला: 'ब्लू चिप' मात्र पोकरमधून आलाय, म्हणजे पत्त्यांच्या जुगारातून; तिथे पैशांऐवजी चकत्या (चिप) लावतात. निळी चकती सगळ्यात किमती, म्हणून भरवशाच्या मोठ्या कंपनीचा शेअर ब्लू चिप.

लालबागची सून: 'मेक एंड्स मीट'ला आमच्या सासूबाई 'हातातोंडाची गाठ पडणं' म्हणायच्या. मला हेच जास्त भिडतं, त्यात घास दिसतो.

सकाळची ७:५२: काका, मनावरचं ओझं उतरलं. उद्या शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीला सांगते. टाळ्या तिनेही वाजवल्या होत्या, पण चेहरा कोराच होता.