अनुभव धागा: भिंतीला फिकट उबदार रंग की गडद थंड?

बैठकीच्या खोलीसाठी दोन रंगांवर येऊन अडकलोय: हस्तिदंती आणि गडद निळा-करडा. शेड कार्ड उलटसुलट करून त्याचे कोपरे दुमडले, तरी घरात एकमत होत नाही. ज्यांनी यातला एखादा लावलाय किंवा लावून बदललाय, त्यांनी जरूर लिहा. उजेड किती येतो, दिवे कोणते, तेही सांगा.

*

आमचा हस्तिदंती. कार्डावर छान वाटला, चार भिंतींवर चक्क पिवळा दिसायला लागला! समोरासमोरच्या भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो आणि तो आणखी गडद भासतो. त्यात दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. पुन्हा रंगवायच्या आधी ४००० चे, जास्त पांढऱ्या उजेडाचे बल्ब लावून पाहिले, अर्धं दुखणं तिथेच गेलं.

*

अभ्यासाच्या खोलीला गडद निळा, पाच वर्षं झाली. आधी करड्या छटेचा प्राइमर मारला, तरी तीन हात लागले. चकाकीच्या रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो म्हणून मॅट घेतला. पण खुर्चीची पाठ जिथे घासते तिथे पांढुरका पट्टा उमटलाय. पुसायला गेलं की तेवढाच भाग चमकतो. वरून ब्रश फिरवला तर ठिगळ दिसतं, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते. एवढं असूनही सांगते, रात्री एकच टेबललँप लावला की भिंती मागे सरतात आणि समोरचं पान तेवढं उजळतं. ही खोली मला फार प्रिय आहे.

*

रंगाचा एलआरव्ही आकडा बघा, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो ते; ० ते १०० असतो. १० म्हणजे पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग परत येतो. गडद निळे बरेचदा त्याच्याही खाली असतात. आमच्या एका खिडकीच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो.

*

भिंतीवरच नमुना लावू नका, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. मी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारले, कडेला पांढरी पट्टी सोडली आणि तो पुठ्ठा चार दिवस खोलीभर फिरवला. सकाळी आवडलेला करडा संध्याकाळी जांभळट निघाला. वाचलो.

*

आईला कमी दिसतं. फिकट भिंतीवरचं पांढरं बटण तिला सापडायचं नाही, रात्री चाचपडत राहायची. दाराजवळची तेवढी एक भिंत गडद निळी केली, बाकी तीन हस्तिदंतीच. आता तिचा हात थेट बटणावर जातो.