'सोबर स्पेस'ला मराठीत काय म्हणाल?

केळफूल: आम्ही क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे, पोरं (पोर शब्द नपुंसकलिंगी, म्हणून सगळ्यांना पुरतो) महिन्यातल्या एका शनिवारी जमतो. कॅरम, पत्ते, वाचन. दारू नाही, म्हणून पोस्टरवर 'सोबर स्पेस' लिहिलं, तर एकानं विचारलं, "साधे कपडे घालून यायचं का?" बरोबरच आहे, मराठीत साडी सोबर असते, रंग सोबर असतो. मग 'दारूमुक्त जागा' केलं. आई म्हणाली, "कुणाची सोडवायचीय?"

आडकित्ता: आईचा कान चांगला आहे. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव. 'मुक्त' आलं की आधी पीडा होती, ती गेली, असा अर्थ चिकटतो. 'मुक्तांगण' किती सुंदर शब्द, पण पुण्यात १९८६ पासून तो व्यसनमुक्ती केंद्राचा झालाय. तुमच्याकडे येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरानं काही सोडलेलं नाही, बहुधा धरलेलंही नाही. 'मद्यविरहित' अचूक, पण खोकल्याच्या औषधावर शोभेल. 'बिन' घ्या की. बिनसाखरेचा चहा, बिनबाह्यांचा ब्लाउज. अमुक नाही, एवढंच सांगतो, उपदेश करत नाही.

उंबरठा: बिनदारूचा, पण काय? 'बैठक' तर मुळीच नको. "आज बसायचं का?" म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको. 'अड्डा' म्हटलं की पुढे 'धाड' येतेच. तीही या विषयात साधी नाही. २८ जून १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इनवर पोलिसांची धाड पडली, तो समलिंगी लोकांचा बारच होता. त्यांना उघडपणे जमायला तेव्हा दुसऱ्या जागा फारशा नव्हत्याच. म्हणून बार आणि ही माणसं यांची जोडी इतकी घट्ट. माझं मत 'कट्टा'. कॉलेजचा असतो, तलावाकाठचा असतो, तिकीट लागत नाही. (बातम्यांतला गावठी कट्टा वेगळा!)

पाणपोई: नुसतं 'क्वीअर कट्टा' का नको? महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. विशीतल्या पोरांच्या कट्ट्यावर दारू नाही हे वेगळं कशाला सांगायचं?

केळफूल: कायदा माहीत असतो हो, पण आपल्यातल्यांना भेटायचं म्हणजे पार्टी, हेच डोक्यात असतं. पहिल्यांदा येणारा, आत दारू असेल या धास्तीनं, दारातूनच परत जातो. आणि आडकित्ता, ज्यांनी खरंच सोडलीय असे दोघं येतात आमच्याकडे. त्यांना आधी खात्री हवी असते. 'बिनदारूचा' शब्द राहू दे.

आडकित्ता: हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. मग 'बिनदारूचा' ठळक छापा.

केळफूल: 'बिनदारूचा क्वीअर कट्टा'. खाली बारीक अक्षरात: चहा मिळेल, साखरेचाही. आता 'क्वी' दीर्घ की ऱ्हस्व?

उंबरठा: त्याला वेगळा धागा काढा.